खालच्या खोलीचं दार

३ मार्च

बुआलाईला अग्नी देऊन आठवडा झाला.

रोज संध्याकाळी ती जिन्याच्या खालच्या पायरीवर शेंगा निवडत बसायची आणि विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही." मग तीच सांगायला लागायची. कोणाची कोंबडी कोणाच्या अंगणात गेली, बाजारात कोण कोणाशी बोललं नाही. या थाई गावात सोळा वर्षं असंच चाललं. आता विचारणारं कोणी नाही, म्हणून ही वही आणली. मला लिहिण्याची सवय नाही. डेन्मार्कला फेरीबोटीवर होतो तेव्हा इंजिनाच्या नोंदी लिहीत असे. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान. तसंच लिहीन.

आज धूर फार. शेतं जाळण्याचे दिवस आहेत, डोंगर दिसत नाहीत. सकाळी खामपेंग चिकट भाताची टोपली आणि उकडलेली अंडी ठेवून गेली. खामपेंग ही बुआलाईची धाकटी बहीण. अंगणापलीकडे राहते, निळीने कापड रंगवते, त्यामुळे तिचे हात मनगटापर्यंत कायम निळे असतात.

"दाजी, खाऊन घ्या. गार झाला की दगड होतो."

मी आभार मानले. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला दुकानदार समजलो होतो.

५ मार्च

आज खामपेंगने बुआलाईची गादी आणि उशी देवळात नेऊन दिली. तशी पद्धत आहे, मला माहीत आहे. माझा पलंगही तिने फिरवून घेतला, डोकं पूर्वेला येईल असा. खोली एकदम मोठी झाली. बाहेर जाताना वरच्या दाराच्या चौकटीला डोकं आपटलं. सोळा वर्षांत हजार वेळा आपटलं असेल. पूर्वी आतून बुआलाई म्हणायची, "चौकट शाबूत आहे ना?"

अंत्यविधीच्या दिवशी म्हाताऱ्यांनी माझ्या मनगटाला आणि शवपेटीला एकच दोरा बांधला आणि मधोमध कापला. गेलेल्या माणसाने जोडीदाराला बरोबर ओढून नेऊ नये म्हणून. तेव्हा मी काही विचार केला नाही. आज गादी गेल्यावर मनात आलं, त्या दोऱ्याबरोबर आणखी काय काय कापलं गेलं?

लग्नाच्या वेळी तिच्या पितरांना कोंबड्या आणि तांदळाची दारू देऊन सांगितलं होतं की हा माणूस आता आपल्या छपराखाली झोपणार. इकडे पितरांना कळवल्याशिवाय जावई घरात येत नाही. ते कळवणं अजून लागू आहे का, कोणाला विचारायचं समजत नाही.

११ मार्च

परदेशी लोकांच्या कार्यालयात गेलो होतो. माझा व्हिसा 'थाई पत्नीचा नवरा' म्हणून आहे. टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. मी नेहमीप्रमाणे डावीकडच्या खुर्चीत बसलो. अधिकारी बाईंनी कागद घेतले आणि बोलायला म्हणून उजवीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. दर वर्षी तिथे बुआलाई बसायची, तीच बोलायची. मी फक्त सह्या करायचो.

बाईंनी क्षणभर हात जोडले. मग मला हळूहळू समजावून सांगितलं. वीस ऑगस्टपर्यंतची मुदत आहे. त्यानंतर पत्नीच्या आधारावर राहता येणार नाही. निवृत्त माणूस म्हणून नव्याने अर्ज करता येईल, पण त्याला दोन गोष्टी लागतात. ठरलेली मोठी रक्कम माझ्या एकट्याच्या नावावर अर्जाआधी दोन महिने बँकेत पडून असायला हवी. आणि घराच्या मालकाने लिहून द्यायला हवं की मी त्याच्या घरात राहतो.

"काका, आज एकटेच आलात? घरातलं कोणी नाही आलं?"

"नाही."

"पुढच्या वेळी कोणाला तरी घेऊन या."

माझ्या थाई भाषेवर त्यांचा विश्वास नसावा.

१२ मार्च

बँक. खातं आमच्या दोघांच्या नावावर आहे, त्यामुळे ते आता बंद. कोर्टाने वारस ठरवल्याशिवाय हात लावता येणार नाही. काउंटरवरच्या मुलीने हे सरळ सांगितलं नाही. "सोमवारी या ना काका," असं हसून म्हणाली. हे 'सोमवारी या' मला कळतं. इथे तोंडावर कोणी 'नाही' म्हणत नाही.

म्हणजे रक्कम डेन्मार्कच्या बँकेतून आणावी लागेल. स्वेनबोर्गचं घर विकून जे उरलं होतं ते तिथे आहे. ते इथे आणलं तर तिकडे जाऊन राहण्यापुरतं काही उरणार नाही. दोन्हीकडे पुरेल एवढं नाही. म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत एकदाच ठरवायचं.

आणि घर. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही. आम्हाला मूल नाही. घर आता खामपेंगचं होणार. म्हणजे ते पत्र तिनेच द्यायचं.

१९ मार्च

एगॉन आला होता. एगॉन ऑस्ट्रियाचा, गावाबाहेरच्या रस्त्यावर भाड्याने राहतो. इथल्या बायकोपासून त्याचा काडीमोड झाला. घर तिच्या नावावर होतं, ते तिच्याकडेच राहिलं. हे तो भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो.

"बायको होती तोवर तू जावई. आता तू कोण? एक लांबलचक भाडेकरू, तोही फुकटचा."

"खामपेंग तशी नाही."

"अरे, तशी कोणीच नसते. इथे माणसं धक्के मारून काढत नाहीत. हसत हसत बॅग भरायला मदत करतात." मग तो म्हणाला, "माझ्याबरोबर समुद्रावर चल. आपल्यासारख्या म्हाताऱ्यांच्या इमारती आहेत. लिफ्ट आहे. जर्मन पाव मिळतो."

तो गेल्यावर खामपेंग कुंपणापाशी आली. "काय म्हणत होता तो पाववाला?"

"काही नाही," मी म्हणालो.

ती थोडा वेळ थांबली आणि गेली.

२ एप्रिल

खामपेंगने आज विचारलं. अंगणात निळं कापड दोरीवर टाकत होती, माझ्याकडे पाठ होती.

"दाजी, तुमच्या देशाला कधी जाणार?"

"बघू," मी म्हणालो.

"तिकडे बहीण होती ना तुमची?"

"ती वारली. बरीच वर्षं झाली."

"हं." तिने कापड पिळलं. "म्हणजे तिकडे वाट बघणारं कोणी नाही."

"नाही."

"तिकीट वगैरे काढायचं असेल तर सांगा हो. माझी पोरगी बँकॉकहून काढून देईल, फोनवरच."

एगॉनचं बॅगेबद्दलचं बोलणं आठवलं. तिच्यावर मला राग आला नाही. घर तिचं आहे. मुलगी उद्या लग्न करून परत येईल. मी वर गेलो. डोकं आपटलं.

मी तिच्याकडे पत्र मागू शकतो. मागितलं तर ती देईल. तीच तर अडचण आहे. मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर 'नाही' म्हणणं तिला जमणार नाही, आणि मग तिच्या 'हो'ला काय अर्थ? म्हणून विचारायचं नाही. तिला अवघड करून ठेवायचं नाही. एवढं तरी मी इथे राहून शिकलो.

१५ एप्रिल

नवं वर्ष. रस्त्यावर पोरं पिंपं भरून पाणी उडवतात, मी बाहेर गेलो नाही. दुपारी खामपेंग, तिची बँकॉकची मुलगी ओन आणि शेजारची चार माणसं चांदीच्या वाडग्यात सुगंधी पाणी घेऊन आली. मला खुर्चीवर बसवलं, खाली बसून माझ्या तळहातांवर पाणी ओतलं. घरातल्या थोरल्या माणसाकडून आशीर्वाद घ्यायची ही पद्धत. दर वर्षी होते. पण दर वर्षी बुआलाई शेजारी बसायची आणि आशीर्वादाचे शब्द माझ्या कानात सांगायची, मी ते मोठ्याने म्हणायचो आणि सगळे माझ्या उच्चारांना हसायचे.

आज शब्द आठवेनात. सगळे मान खाली घालून थांबले होते. शेवटी मी डॅनिशमध्ये म्हणालो, बरे राहा. कोणी हसलं नाही. ओन रडली. खामपेंगने माझे हात पुसले आणि तिने स्वतः रंगवलेला नवा शर्ट मांडीवर ठेवला. बाह्या पुरेशा लांब होत्या. बाजारातल्या शर्टांच्या बाह्या माझ्या कोपरापाशीच संपतात.

निरोपाची भेट म्हणून फार चांगली होती. मी रडू आवरलं, सगळ्यांसमोर बरं दिसलं नसतं.

६ मे

घराखाली खांबांमधली मोकळी जागा आहे, जिथे आम्ही जुन्या टोपल्या आणि मोटरसायकल ठेवायचो. सकाळी बघतो तो नान सुक तिथे सुतळी लावून मापं घेतोय. नान सुक सुतार, पूर्वी बरीच वर्षं भिक्खू होता, त्यामुळे माणसांवर ओरडत नाही, फक्त लाकडावर ओरडतो.

"काय करताय?" मी विचारलं.

"भिंती. खोली करतोय."

"कोणासाठी?"

त्याने खामपेंगकडे पाहिलं. खामपेंग म्हणाली, "असू दे, लागेल."

भाड्याने द्यायची असेल. तिच्याकडे निळीचं काम शिकायला शहरातल्या मुली येतात, त्यांना राहायला जागा लागते.

दुपारी नान सुकने हाक मारली. "जावईबापू, जरा इकडे या. इथे सरळ उभे राहा. वाकू नका हो! सोळा वर्षं वाकून वाकून पाठीचा विळा झालाय तुमचा." त्याने माझ्या डोक्यावर फळी टेकवली, वर आणखी चार बोटं ठेवली आणि खांबावर पेन्सिलने रेघ मारली. "झालं. जा आता."

"एवढं उंच कशाला?"

"वारा येतो," तो म्हणाला, आणि खामपेंग तोंडावर निळा हात धरून आत गेली.

मी जवळ होतो म्हणून माझं माप घेतलं. चांगला सुतार असाच काम करतो, हाताशी जे असेल ते वापरतो.

१४ मे

खालच्या खोलीला लागून न्हाणीघर होतंय. भिंतीत धरायला लोखंडी दांडी बसवली. भाडेकरू म्हातारे असावेत. गेल्या महिन्यात मी जिन्यावरून घसरलो होतो, तेव्हा जिन्याला अशी दांडी असती तर बरं झालं असतं, एवढं मनात आलं.

डेन्मार्कच्या नगरपालिकेचं उत्तर आलं. स्वेनबोर्गला जागा नाही. उत्तरेकडच्या एका गावात म्हाताऱ्यांच्या वसतिगृहात ऑक्टोबरपासून खोली मिळू शकेल. त्या गावात मी कधी उतरलो नाही. बोटीवरून त्याचे दिवे मात्र पाहिलेत.

होय म्हणून कळवायला महिन्याची मुदत आहे.

२३ मे

आवराआवर सुरू केली. माझी हत्यारं, पाने, पकडी, बोटीवरची जुनी पेटी, सगळं हातगाडीवर घालून नान सुकला दिलं. सामान चांगलं आहे, चांगल्या हातात जावं. त्याने पेटी उघडली, एक एक पाना उचलून पाहिला आणि परत जागच्या जागी ठेवला. मग म्हणाला, "खामपेंगला माहीत आहे?"

"तिला कशाला त्रास?"

"हं," तो म्हणाला. "बरोबर आहे. तिला कशाला त्रास."

२६ मे

खामपेंग बोलत नाही. टोपली ठेवते आणि जाते. तीन दिवस झाले, चटणीत पूर्ण मिरची असते. पूर्वी माझ्यासाठी मिरची न घातलेली वेगळी वाटी असायची. कामाच्या गडबडीत विसरत असेल. मी पाणी पिऊन खाल्लं.

आता माझं जाणं ठरलं हे तिला कळलं असेल, म्हणजे तिच्या मनावरचं ओझं उतरलं. बोलण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून बोलत नाही.

संध्याकाळी बुआलाईच्या पायरीवर बसलो. एका पायरीला करकर येते, ती दुरुस्त करायची राहिली आणि आता हत्यारं नाहीत. मी मोठ्याने म्हणून पाहिलं, "आज काय झालं?" माझा आवाज अगदीच वेगळा वाटला. पुन्हा नाही म्हणणार.

४ जून

खामपेंग जिन्याखाली उभी राहून म्हणाली, "सोमवारी पितरांचं जेवण आहे. बसून बसून तुमचा गुडघा दुखेल. नाही आलात तरी चालेल."

वर्षातून एकदा घराण्यातले सगळे केओमून आजीच्या अंगणातल्या पितरांच्या खोपटीपाशी जमतात. प्रत्येक घर कोंबडी आणतं, घरातल्या प्रत्येक माणसामागे केळीच्या पानाच्या द्रोणात फुलं आणि मेणबत्ती ठेवतात. हे नातं बायकांकडून चालतं. आईकडून मुलीकडे. आमच्या घराची बाई गेली, तेव्हा मी कोणाच्या बाजूला बसणार?

"बरं," मी म्हणालो.

ती तिथेच उभी राहिली. मला वाटलं आणखी काही सांगायचं आहे. मग म्हणाली, "मिरची जास्त होती का?"

"नाही, नाही. छान होती."

"देवा!" ती म्हणाली आणि निघून गेली.

८ जून

नान सुक हातगाडी घेऊन आला. माझी हत्यारं परत.

"माझ्याकडे जागा नाही, जावईबापू."

"तुझी केवढी मोठी पडवी आहे."

"तिच्यात कुत्रा झोपतो." त्याने पेटी खालच्या नव्या खोलीत, खिडकीखाली ठेवली. तिथे एक ओटा केला होता, कामाच्या टेबलाच्या उंचीचा. पेटी त्यावर बरोबर बसली. "उद्या आजीकडे या. कोंबड्या धरायला माणूस हवा. तुमचे हात लांब आहेत."

काम आहे म्हटल्यावर नाही म्हणता आलं नाही.

९ जून

आज बरंच झालं. क्रमाने लिहितो.

सकाळी निळा शर्ट घालून गेलो. केओमून आजी पितरांची राखणदार, नव्वदीच्या पुढे आहे, तोंडात सुपारी. मला पाहून म्हणाली, "आला का तो खांब? बस, बस. ऊन अडव माझं." मी कोंबड्या धरल्या. मग त्या शिजेपर्यंत सगळ्यांच्या मागे जाऊन बसलो.

खोपटीत द्रोण ठेवत होते. प्रत्येक बाई आपल्या घराची नावं घेऊन द्रोण ठेवायची. खामपेंगने एक ठेवला, स्वतःचा. एक ओनचा. मग तिसरा ठेवला. तिसरा कोणाचा, हे ती बोलली नाही. गुडघ्यावर बसून, हात जोडून, तिने पितरांशी बोलायला सुरुवात केली. आणि बोलली ती बँकॉकच्या भाषेत, शाळेत शिकवतात तशी, एक एक शब्द सुटा करून.

बायका हसायला लागल्या. आजीने कानावर हात धरला. "अगं खामपेंग, हे काय चालवलंयस? तुझ्या पणजोबांना ही साहेबांची भाषा कुठून कळणार? आपल्या बोलीत बोल की."

"ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल, आजी," खामपेंग म्हणाली. ती मागे वळली नाही. मी डोंगराकडची बोली निम्मीच समजतो, हे तिला ठाऊक आहे.

ती म्हणाली, "आजोबा, आजी, पणजी, सगळ्यांनी ऐका. या वर्षी आमच्यात एक बाई कमी आहे. ती तुमच्याकडे आली, तिला सांभाळा, तिला थंडी सोसत नाही. तिचा नवरा आमच्याकडे राहिला. लोक म्हणतात तो त्याच्या देशाला जाणार. मला त्याने सांगितलेलं नाही. मी विचारते, तर म्हणतो बघू. राहा असं मी म्हणू शकत नाही. मी म्हटलं तर तो मला नाही म्हणणार नाही, आणि मग मन तिकडे ठेवून इथे बसून राहील. ताई असती तर तिने विचारलं असतं. मी धाकटी, मी कसं विचारू? म्हणून तुम्हाला सांगते. तो जाणार असेल तर वाटेत सांभाळा, तिकडे त्याचं कोणी नाही. राहणार असेल तर त्याला तोंड उघडायची बुद्धी द्या. खोली झालीय. त्याला जिना चढायला नको. दार उंच केलंय. मिरचीचं चुकलं माझं, राग आला होता."

नान सुक चुलीत काटक्या सारत होता, त्या आधीच नीट होत्या.

मी बसल्या जागी उभं राहण्याचा प्रयत्न केला, गुडघ्याने साथ दिली नाही. तसाच हातांवर पुढे सरकत गेलो. हसण्यासारखंच दिसलं असेल. खामपेंगच्या शेजारी बसलो. तिच्याकडे पाहिलं नाही, तिनेही पाहिलं नाही. खोपटीकडे पाहून मी माझ्या थाईत बोललो. काय बोललो ते जसं आठवतं तसं लिहितो.

"मी प्रेबेन. सोळा वर्षांपूर्वी तुम्हाला माझं नाव सांगितलं होतं. मी तिकीट काढलेलं नाही. मला वाटलं घर मोकळं करून हवं आहे. कोणाला अवघड वाटू नये म्हणून विचारलं नाही. तुमची हरकत नसेल तर मी इथेच राहीन. मला एक पत्र लागेल, मालकिणीचं. आणि मला मिरची सोसत नाही."

आजी म्हणाली, "आधी त्यांना विचारू दे, मंजूर आहे का." तिने ताटातले तांदूळ चिमटीत घेतले आणि चटईवर दोन दोन करून मांडायला लागली. जोड्या जमल्या तर पितरांचा होकार. शेवटी एक दाणा उरला.

"नाही म्हणतायत," आजी म्हणाली.

"पुन्हा विचारा," खामपेंग म्हणाली.

पुन्हा चिमूट. पुन्हा एक दाणा उरला. आजीने मान हलवली. मी इंजिनांवर काम केलेला माणूस, तांदळावर माझा कशाला विश्वास? पण त्या दाण्याकडे बघवेना.

"आजी, हा बघा, एक चटईखाली गेला होता," खामपेंग म्हणाली आणि निळ्या बोटाने एक दाणा त्या दाण्याशेजारी सरकवला.

आजीने तो दाणा पाहिला. मग खामपेंगची मूठ पाहिली. "माझे डोळे गेलेत," ती म्हणाली. "जमली जोडी. चला, कोंबडी वाढा."

१७ जून

रक्कम आली. बँकेतल्या मुलीने नवं पासबुक काढून दिलं, त्यावर एकट्याचं नाव आहे. दोघांच्या नावाचं जुनं मी परत मागून घेतलं. ते बंद खात्याचं आहे, काही उपयोग नाही, पण घेतलं.

उत्तरेकडच्या गावाला नको म्हणून कळवलं. एगॉनलाही सांगितलं. "फसशील," तो म्हणाला. मग विचारलं, "ती मिरची न घातलेली चटणी... कधी रविवारी जादा असते का?" खामपेंगला विचारून सांगतो म्हणालो. खामपेंग म्हणाली, "पाववाल्याला म्हणावं ये, पण पाव घेऊन."

३० जून

खाली राहायला आलो. आज पहिली रात्र. दारातून दहा-बारा वेळा आत-बाहेर केलं. प्रत्येक वेळी सवयीने वाकलो.

वरच्या खोलीला कुलूप लावलं नाही. बुआलाईच्या आणि माझ्या खोलीत आता ओन आली की झोपेल. ते बरोबरच आहे. पण पाऊस आला की वरच्या पत्र्याचा आवाज खाली वेगळा येतो, दूरचा. तिच्यापासून एक मजला लांब आलो असं वाटतं. हे खामपेंगला सांगायचं नाही.

१८ ऑगस्ट

कार्यालयात गेलो, दोन दिवस हातात ठेवून. खामपेंग सकाळपासून तयार होती, हात घासून घासून फिकट निळे केले होते. मी डावीकडच्या खुर्चीत बसलो. ती उभीच राहिली. "ती ताईची जागा आहे ना?" असं हळूच विचारलं. मी म्हणालो, "बस." मग बसली, अगदी कडेला.

अधिकारी बाईंनी सवयीने उजवीकडे पाहिलं आणि या वेळी तिथे कोणीतरी होतं.

"हे तुमच्या घरात राहतात?"

"हो."

"तुमचे कोण?"

खामपेंगने माझ्याकडे पाहिलं. 'बहिणीचे यजमान' म्हणाली असती तर चाललं असतं. कागदावर तसंच होतं.

"आमच्यातले आहेत," ती म्हणाली. "जरा उंच आहेत, म्हणून वेगळे दिसतात."

बाई हसल्या आणि शिक्का मारला. एक वर्ष. पुढच्या ऑगस्टला पुन्हा यायचं.

परतताना बाजारात थांबलो, खामपेंगने शेंगा घेतल्या. घरी आल्यावर ती त्याच पायरीवर निवडायला बसली. विचारलं काही नाही. ते तिचं काम नव्हे, आणि तिने ते घेऊही नये. ती उठून गेल्यावर मी पायरीची करकर दुरुस्त केली, मग तिथे बसलो.

बुआलाई, आज झालं काहीतरी.